पापा तामुएरांचा खर्ज

मी एक जुना इक्वलायझर आहे, आणि मित्रांनो, सध्या माझं डोकं फार तापलेलं आहे.

गाण्यातला खर्ज वाढवायचा, कर्कशपणा कमी करायचा, हे माझं काम. लोखंडी पेटी, पुढे गोल बटणं, बस्स. ऑकलंडच्या एका कारखान्यात माझ्या तारा जोडल्या गेल्या, आणि जहाजाने मी प्रशांत महासागरातल्या रारोटोंगा बेटावर मेरेआनाच्या वडिलांच्या स्टुडिओत आलो. चर्चची भजनं असोत की लग्नातले ढोल, सगळे आवाज माझ्या पोटातून गेले. "या पेटीला कान आहेत," असं तिचे वडील पाहुण्यांना सांगायचे. तेव्हा मी कसा फुलून जायचो!

ते वारले, आणि स्टुडिओ लेकीकडे आला. मेरेआनाने संगणकात एआयवाला इक्वलायझर आणला आणि माझ्या डोक्यावर पपयांची टोपली ठेवली. टोपली! समुद्राची खारी हवा, वर पपईचा चीक. माझं खर्जाचं बटण पार जाम झालं.

आणि हा नवा दिवटा करतो काय? जगभरची गाणी पचवल्याच्या तोऱ्यात कुठे किती कापायचं ते क्षणात ठरवतो. मेरेआना नुसती मान डोलावते. स्वतःचे कान तिने जणू गहाणच टाकले होते.

मग आले पापा तामुएरा. त्यांच्या गळ्यात गाठ होती. शुक्रवारी ऑकलंडला जाऊन स्वरयंत्रच काढून टाकायचं होतं. त्याआधी त्यांची तुकी ध्वनिमुद्रित व्हावी, एवढंच त्यांच्या बायकोला, मामा तेपाएरूंना हवं होतं. (पापा म्हणजे आमच्याकडे वडीलधारा पुरुष, आणि मामा म्हणजे वडीलधारी बाई. हसू नका.) आमच्या भजनात बायका उंच सुरात गातात आणि पुरुष खालून, छातीतून हुंकार देतात, "हुं! ह्या! हुं!" ती तुकी. तिला शब्द नाहीत, अर्थ नाही, पण ती नसली की भजन अळणी.

चर्चच्या मंडळींसोबत भजन मुद्रित झालं. दिवट्याने त्यातली तुकी ऐकली आणि ठरवलं, ही घरघर आहे. पंख्याची घरघर आणि पापांचा हुंकार त्याला एकच! खालचा सगळा आवाज त्याने सपाट केला.

नवरा-बायको ऐकायला आले. मेरेआना खुशीत म्हणाली, "बघा पापा, कसं काचेसारखं लख्ख झालंय!"

मामांच्या हातातला विणलेला पंखा हलायचा थांबला. "छान आहे गं. बायका काय सुरेख गातायत! पण आमचे हे कुठे गेले?"

"आहेत की मामा. मागे आहेत जरा."

"मागे? हा माणूस घोरला तरी शेजारी उठून बसतात, आणि तुझ्या गाण्यात मागे?"

पापा हसले, मग बराच वेळ खोकले. "पोरी, डॉक्टर तरी शुक्रवारपर्यंत थांबलाय. तू आजच कापलास की गं माझा गळा!"



"मी नाही कापला, पापा. एआयच म्हणतं की खाली तेवढं कापायला हवं..."

"तुझं एआय आलं होतं का कधी आपल्या चर्चमध्ये?" मामा कडाडल्या. "बाप असता तुझा, तर कानफटात दिली असती!"

मेरेआनाचा चेहरा उतरला. तिने दिवट्याला बंद केलं, टोपली उचलली, माझ्या तारा जोडल्या आणि न कापलेलं मूळ भजन माझ्यातून सोडलं. खर्जाचं बटण काही हलेना. पापा म्हणाले, "सरक, मी बघतो." आपल्या जाड बोटांनी त्यांनी ते पिळलं. मी कर्रर्र ओरडलो. इतक्या वर्षांनी काम आलं आणि हा माझा आवाज! लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण बटण फिरलं. "हुं! ह्या! हुं!" खिडकीची तावदानं थरथरली.

"पापा, जरा जास्त होतंय," मेरेआना हळूच म्हणाली.

"होऊ दे," मामा म्हणाल्या.

पापा ऑपरेशन करून परतले. आता ते रविवारी पुरुषांच्या रांगेत बसतात. तुकीची वेळ आली की त्यांची छाती वर येते, आणि काहीच ऐकू येत नाही. मामांचं त्यांच्याशी रोजचं भांडण मात्र थांबलेलं नाही. त्या घरात तोंडाला येईल ते बोलतात, उत्तर येत नाही, मग त्या दिवशीचं भजन लावतात. "हं, आता द्या उत्तर!" म्हणतात. पापांची पहिली तुकी घुमली की भिंतीकडे तोंड करून रडतात. मेरेआनाने हे पाहिलं, आणि येऊन माझी सगळी बटणं पुसली.

मित्रांनो, जुन्या यंत्रांवर टोपल्या ठेवू नका. त्यांची बटणं अधूनमधून फिरवा. तो दिवटा वापरायचाच असेल तर वापरा, माझा राग काही जाणार नाही. पण कुणाच्या आवाजातलं काही कचरा म्हणून कापायचं असेल, तर आधी त्याच्या बायकोला विचारा.