मेहंदीसाठी फिल्म

मेनाशेला कॅमेरा स्वस्तात मिळाला, तिथंच खरं तर त्यानं सावध व्हायला हवं होतं. सत्याहत्तर सालची गोष्ट. इस्रायलमधला गाशा गुंडाळून अमेरिकेला परत निघालेल्या एका पोरानं तो त्याला विकला. बटण दाबलं की पुढून फोटो बाहेर, बघता बघता त्यावर चेहरे उमटतात! पण त्याची फिल्म? बेर्शेबातल्या दुकानदारानं किंमत सांगितली आणि मेनाशेनं हातातलं पाकीट विंचू दिसल्यासारखं खाली ठेवलं.

"अहो, साधा फोटोग्राफर बोलवा की," बायको नओमी म्हणाली.

"त्याचे फोटो धुऊन यायला आठवडा. तुझा भाऊ आपल्या जूडिथच्या मेहंदीच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईला चाललाय."

रेवदंड्याला मेनाशेची आई होती. तिची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती. नातीची मेहंदी दिसेल एवढं अजून दिसत होतं, पुढचं डॉक्टरही सांगत नव्हते. फोटो जायचे ते भावाबरोबर, मेयरबरोबरच.

मग काय, गड्यानं फिल्मसाठी सगळं नेगेवचं वाळवंट पालथं घातलं. शेवटी अरादच्या एका दुकानात तारीख उलटलेलं पाकीट निम्म्या किमतीत सापडलं. त्यात दहा फोटो. ते त्यानं घरी आणून फ्रिजमध्ये चटणीशेजारी ठेवलं.

"एकही वाया घालवायचा नाही," त्यानं जाहीर केलं.

"बघू या," नओमी म्हणाली आणि पदराआड हसली.

मेहंदीच्या संध्याकाळी मलिद्याचं ताट सजलं. गोड पोहे, खोबरं, फळं. एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेतल्याशिवाय बेने इस्रायलांच्या घरात कशाला हात लागत नाही, मग फिल्मला तरी कसा लागावा? पहिला फोटो ताटाचा. मग सगळ्यांत वडील म्हणून एलिएझरमामांचा. त्यांनी डोळे मिटले, म्हणून परत एकदा मामांचाच. हिल्डामावशी फुरंगटून म्हणाली, "मला वगळलंस तर लग्नाला पाऊल ठेवणार नाही हो!" काढला. नवऱ्यामुलाकडच्यांना कोण नाही म्हणणार? त्यांचेही काढले.

"आब्बा, दाय!" बास झालं, असं नवरीमुलगी जूडिथ दोन्ही हात वर धरून हिब्रूत ओरडली, तेव्हा कुठं मेनाशे भानावर आला. एक तिचा काढला. रंग जरा पिवळट, पण मेहंदी छान दिसत होती. आता एकच उरला.

"यात तुम्ही बसा तिच्याशेजारी. मेयर काढील," नओमी म्हणाली.

"वेडी का काय तू? शेवटचा आहे. हात जवळून दिसले पाहिजेत." आणि त्यानं हातांचा काढला.

महिन्याभरानं मेयर परतला. मेनाशेनं त्याला धड बसूही दिलं नाही. "आईला दिसलं?"

"दिसलं रे. खिडकीत बसून एकेक फोटो डोळ्यांशी धरला. मामांचे मिटलेले डोळे बघून खो खो हसली. मेहंदी बघून रडली. मग परत पहिल्यापासून सगळे चाळले, जमिनीवरही हात फिरवला." मेयरनं पिशवी खाली ठेवली. "मला म्हणाली, 'एखादा खाली पडला का रे, बाबा? माझा मेनाशे सापडत नाही.'"

नओमीनं त्याच्या चपला पुढे सरकवल्या.

"उठा," ती म्हणाली, "अरादची बस अजून मिळेल."