व्हिन्सेंटच्या लग्नातला देवमासा

आग्नेल तांडेल सकाळपासून तीनदा डिझेल बघून आला. टाकी पहिल्यांदा बघितली तेव्हाही भरलेलीच होती, पण हातांना काहीतरी उद्योग हवा होता.

पाचूबंदरच्या धक्क्याला त्याची ‘स्टेफी’ डोलत उभी होती. शेजारी बोर्ड : ‘देवमासा दर्शन. रोज सकाळी आठ वाजता.’ आठ ही वेळ बोटीची, देवमाशाची नव्हे; पण बोर्ड रंगवणाऱ्याने तेवढा खुलासा केला नव्हता. दोन हंगामांत लोकांना डॉल्फिन दिसले, एकदा तरंगता फ्रिज दिसला. देवमासा नाही. तरी लोक येत, कारण आग्नेल तांडेलाने देवमासा पाहिलाय, हे वसईत पोराटोरांनाही ठाऊक होतं.

आग्नेलने देवमासा पाहिलेला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या मेव्हण्याचं, व्हिन्सेंटचं लग्न होतं. आग्नेल साक्षीदार. साक्षीदाराने चर्चमध्ये सही करायची आणि मग मंडपात माइक घेऊन नवरानवरीसाठी टोस्टचे चार शब्द बोलायचे. ते चार शब्द त्याने पंधरा दिवस पाठ केले. वादळात बोट हाकणारा हा माणूस लग्नाच्या पहाटे माइकच्या धास्तीने बोट घेऊन जो पळाला, तो दिवस मावळताना परतला. धक्क्यावर नव्या साडीत, कमरेवर हात ठेवून त्याची बायको मार्था उभी होती.

‘कुठं होता?’

‘देवमासा आडवा आला,’ आग्नेलच्या तोंडून निघून गेलं.

मार्थाचा विश्वास बसला. व्हिन्सेंटचा बसला नाही. त्याच्या लग्नाच्या रजिस्टरवर अजून बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याची सही आहे. अकरा वर्षं तो बहिणीचा उंबरा चढला नाही, आणि अकरा वर्षं मार्था सगळ्या गोतावळ्यात सांगत राहिली, ‘माझा नवरा काय पन करील, खोटं नाय बोलनार.’

यंदा ईस्टरआधीच्या उपासकाळात आग्नेलने फादरांपुढे पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, ईस्टरच्या आत मेव्हण्याला खरं सांग. दहा ‘नमो मरिया’ म्हणून भागेल का, असं आग्नेलने विचारून पाहिलं. वीसचीही तयारी दाखवली. फादर बधले नाहीत. आणि आता उद्यावर झावळ्यांचा रविवार आला होता, म्हणजे ईस्टरला जेमतेम आठवडा. मार्थाने हातापाया पडून व्हिन्सेंटला आज बोटीवर बोलावलं होतं. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ म्हणाली.

व्हिन्सेंट आला. कॉलेजात गणित शिकवणारा माणूस. लाइफ जॅकेट गळ्यापर्यंत आवळून बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर हाताची घडी घालून बसला. बाकी चौदा जण मनवेलपाड्याच्या एका सोसायटीतले. त्यांचे म्होरके विलासराव, निवृत्त हेडक्लार्क. बोट सुटली, आग्नेलने माइकवरून रोजचं स्वागत केलं, तशी त्यांनी घड्याळ पुढे केलं.

‘साधारण किती वाजता येतो?’

‘त्याचा काय नेम नाय, साहेब.’

‘काल किती वाजता आला होता?’

‘काल नाय आला.’

‘रजेवर असेल,’ त्यांच्या पत्नी आशालताबाई म्हणाल्या. ‘हे ऑफिसात असताना असेच असायचे. लोक येऊन बसलेले आणि ह्यांचा पत्ता नाही.’

आग्नेल सुकाणू सोडून नाळेकडे गेला, परत आला. पुन्हा गेला.

‘व्हिन्सेंट, जरा बोलायचं होतं.’

‘माइकवर बोला ना, भावोजी. आता येतं वाटतं.’

आग्नेल परत फिरला. विनाकारण भोंगा वाजवला. मार्था चहा वाटत होती. जाता जाता तिने कानात सांगितलं, ‘त्याला त्या दिवसाचं नीट सांगा. जवळ बसून.’

‘तेच सांगतो,’ आग्नेल म्हणाला आणि पाचव्यांदा दोरी गुंडाळायला लागला.

किनारा दिसेनासा झाल्यावर त्याने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. तो सरळ चालत गेला आणि व्हिन्सेंटसमोर उभा राहून एका दमात म्हणाला, ‘त्या दिवशी देवमासा नव्हता. मी माइकला भ्यालो.’

व्हिन्सेंटने तोंड उघडलं. पण त्याआधी डाव्या अंगाला, दहा हातांवर, एसटीने ब्रेक सोडावा तसा मोठा उसासा आला. पाण्यातून काळी पाठ वर आली. येतच राहिली. संपली असं वाटलं तेव्हा कुठे छोटासा पर दिसला, आणि मग सगळं सावकाश खाली गेलं. विलासरावांच्या चष्म्यावर थेंब उडाले. कुजक्या मासळीचा वास बोटभर पसरला.

आग्नेल बर्फाच्या पेटीवर बसला आणि त्याने क्रुसाची खूण केली.

‘भावोजी,’ व्हिन्सेंट हाताची घडी सोडून म्हणाला, ‘अकरा वर्षं मी तुम्हाला खोटारडा म्हणत आलो.’

‘बरोबर म्हनत होतास. मी आता काय बोललो, ऐकलं नाय?’

‘ऐकलं ना. भांडण मिटावं म्हणून सगळं स्वतःवर घेत होता. आता अजून लाजवू नका.’

‘अरे देवाशपथ, नव्हता.’

‘हेंचा स्वभावच असा,’ मार्था पदराने डोळे पुसत म्हणाली. ‘पडतं घ्यायचं.’

‘मार्था, मी माइकला भ्यालो होतो गो.’

‘माइकला? दोन वर्षं रोज माइकवर बोलताय, थांबवावं लागतं तुमाला.’

विलासरावांनी चष्मा पुसून घातला. ‘कॅप्टन, आता नाही म्हणून कसं चालेल? सोळा माणसांनी पाहिलाय.’

आग्नेलने बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा गेल्या अकरा वर्षांत इतका सैल त्याने पाहिला नव्हता. रिकामे कप हातात घेऊन ती नुसती उभी होती, भावाकडे बघत.

‘एकच सांगा,’ व्हिन्सेंट त्याच्याजवळ पेटीवर येऊन टेकला. ‘त्या दिवशीचा मोठा होता की हा?’

सगळी बोट ऐकायला थांबली. आग्नेलने पाण्याकडे पाहिलं, तिथे आता काहीच नव्हतं. ओठ ओले केले. एकदा उठला, पुन्हा बसला.

‘त्या दिवशीचा,’ तो म्हणाला, ‘थोडा बारीक होता.’