कपाटामागचा जोड

"परत पडला!" व्हरांड्यातून आवाज आला, आणि पाठोपाठ प्रश्न. "काका, आत कुणी पंखा लावला का हो?"

"नाही बुवा," वायरमन म्हणाला.

लावला त्यानंच होता. झोपायच्या खोलीतला पंखा फिरतो का बघावं म्हणून त्यानं बटण दाबलं, पाती जेमतेम हलली आणि बाहेर नव्या बोर्डावरचा स्विच खट्ट करून पडला. सकाळपासून हेच चाललं होतं.

व्हरांड्याच्या भिंतीवर बॅटरी बसली होती. पांढरी, गुळगुळीत, उभ्या सुटकेसएवढी. तिच्या शेजारी नवा छोटा बोर्ड, आणि त्या बोर्डापुढे कमरेवर हात ठेवून बॅटरीवाली. शर्टावर तिचं नाव शिवलेलं होतं, पण या घरात पाऊल टाकल्यापासून ती बॅटरीवालीच झाली होती आणि तिनंही ते चालवून घेतलं होतं.

"काका, खरं सांगा."

"बरं, लावला. पण पंख्यानं काय व्हायचंय? इतकी वर्षं फिरतोय."

"पंख्याचा दोष नाही. तुमच्या वायरिंगमध्ये काहीतरी आहे."

"माझ्या वायरिंगमध्ये?" वायरमननं अशा सुरात विचारलं, की पुढच्या खोलीत बसलेल्या बायकोला नाकात ऑक्सिजनची नळी असूनही हसू आलं.

गल्लीत त्याला सगळे वायरमनकाका म्हणत. वीज कंपनीत खांब चढण्यात त्याचा जन्म गेला होता. या घराची वायर न् वायर त्यानं स्वतः ओढली होती. निवृत्त झाल्यावर छपरावर सोलरचे पॅनेल घेतले तेव्हाही बसवणाऱ्यांच्या डोक्यावर उभं राहून एकेक नट आवळून घेतला होता. हात थरथरायला लागले ते त्यानंतर. आधी चहाच्या कपात कळलं, मग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला. आता सही करतानाही कागद दुसऱ्या हातानं दाबून धरावा लागे.

बॅटरीचं खूळ त्याच्या डोक्यात आलं ते उन्हाळ्यातल्या एका दुपारी. बायकोची फुप्फुसं कधीचीच थकली होती. खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं एक मशीन तिच्या उशाशी दिवसरात्र घरघरत असे. त्या दुपारी वीज गेली, मशीन चिरकलं आणि गप्प झालं. जोडीला ठेवलेला सिलिंडर अर्धाच होता. वीज येईना, नवा सिलिंडर येईना. बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं आणि छपरावरचे पॅनेल त्या उन्हात नुसते तापत पडले होते.

"अहो, तुमच्याकडे तर सोलर आहे ना?" शेजारीण धावत आली तेव्हा म्हणाली.

त्याचं उत्तर त्यानं आयुष्यात कितीतरी जणांना दिलं होतं. वीज गेली की सोलरही आपणहून बंद होतं, आणि व्हायलाच हवं. लाइन बंद आहे म्हणून कुणीतरी खांबावर चढलेलं असतं. घरातून उलटी वीज बाहेर गेली तर तो माणूस जायचा. वायरमन स्वतः तो माणूस होता. नियम त्याला मान्य होता, मनापासून. पण त्या दुपारी बायकोचे ओठ निळसर होत चाललेले बघताना तो नियम घशाखाली उतरेना. शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना गाठला, म्हणून निभावलं.

लेक दुसऱ्याच दिवशी येऊन धडकली. "बास झालं. दोघं माझ्याकडे चला. आमच्या इमारतीला जनरेटर आहे."

बायको लेकीकडे एकदा राहून आली होती. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसत. इथल्या खिडकीशी ती बसली की अख्खी गल्ली येता-जाता थांबायची. कुणाचं बाळ बसायला लागलं, कुणाची सून माहेरी गेली, सगळ्या बातम्या गजाशी येऊन पोचायच्या. दम लागत असल्यामुळे ती फक्त ऐकायची, आणि ऐकणारं माणूस कुणाला नको असतं? ही खिडकी सुटली की आपलं काय काय सुटेल हे तिनं बोलून दाखवलं नाही. वायरमनला ते न बोलताच कळलं.

"मला एक संधी दे," तो लेकीला म्हणाला होता. "आहे त्या सोलरला बॅटरी जोडून घेतो. वीज गेली तरी मशीन थांबणार नाही."

लेक बापाच्याच वळणाची. "बसवा. पण बसवतील त्या दिवशी मी येणार आणि मेन स्विच माझ्या हातानं पाडणार. मशीन क्षणभर जरी थांबलं तर त्याच संध्याकाळी तुम्ही दोघं माझ्या गाडीत."

तो दिवस आज होता. गाडी दारात उभी होती, मागची सीट रिकामी करून.

"म्हणजे नेमकं काय झालंय?" लेक व्हरांड्यात येऊन उभी राहिली. आतमध्ये वीज बंद असल्यामुळे आईला सिलिंडर लावला होता आणि लेकीचं निम्मं लक्ष त्याच्या काट्यावर होतं.

बॅटरीवालीनं भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं. "बॅटरीवर सगळं घर नाही चालत, ताई. गिझर, मोटर, स्वयंपाकघर बाहेर ठेवलं. झोपायची खोली आणि पुढची खोली एका लाइनवर आहे, तेवढी या बोर्डावर घेतली. आता हा स्विच काय करतो, तर गेलेला करंट मोजतो आणि परत आलेला मोजतो. हिशेब जुळला नाही की पडतो. आपल्याकडे करंट इथून जातो आणि परत येताना अर्धा स्वयंपाकघराच्या वाटेनं येतो. कुठेतरी दोन्हीकडच्या परतीच्या वायरी एकमेकींना जोडल्यात."

"मग इतकी वर्षं कसं चाललं?"

"इतकी वर्षं दोन्ही वाटा एकाच बोर्डात पोचत होत्या. हिशेब एकच होता. आज आपण घर वेगळं केलं."

"मी असला जोड मारणारच नाही," वायरमन म्हणाला. "स्वयंपाकघराची न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, वेगळी, खोलीची वेगळी. शिकाऊ पोरांना मी हेच तर घोकायला लावायचो."

"मीटर खोटं बोलत नाही, काका."

त्यानं मीटर तिच्या हातातून घेतलं, दोन टोकं दोन वायरींना लावायला गेला. टोकं वायरींवर नाचली. बॅटरीवालीनं वायरी त्याच्या टोकांखाली स्थिर धरल्या. मीटर वाजलं. लांब, सरळ, एकसुरी. म्हणजे वायरी कुठेतरी जोडलेल्या होत्याच.

वायरमन घरभर हिंडला. भिंतींवरून तळवा फिरवला, माळ्यावर वाकून पाहिलं, स्वयंपाकघरातल्या वायरींच्या डब्याचं झाकण काढायला लावून आत टॉर्च मारला. एक वायर तिथून निघून भिंतीत शिरत होती. कुठे जात होती, आठवेना. भिंतीला गिलावा, वर रंगाचे थर.

"वरून पट्टी मारून नवी वायर आणता येईल," बॅटरीवाली म्हणाली. "पण तेवढं सामान आज नाही माझ्याकडे. पुढच्या आठवड्यात येते."

"पुढच्या आठवड्यात हे दोघं माझ्याकडे असतील," लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "बाबा, मला हौस आहे का तुम्हाला हलवायची? त्या दिवशी फोनवर मी नुसता तुमचा श्वास ऐकत होते. आईचा तर ऐकूच येत नव्हता."

वायरमन बायकोसमोरच्या खुर्चीत येऊन बसला. हात मांडीखाली दाबून.

"काय म्हणतात?" बायकोनं विचारलं.

"स्वयंपाकघराची वायर खोलीत कुठेतरी गेलीय म्हणे. मीच नेली असणार. आठवत नाही."

बायको थोडी थांबली. बोलण्याआधी तिला श्वास साठवावा लागे. "पाळण्याचा दिवा."

"काय?"

"अहो, पाळण्याचा दिवा. ही झाली तेव्हा. रात्री उठून... मोठा दिवा लावला की ही रडायची. मी म्हटलं, छोटासा दिवा हवा. तुम्ही कामावरून आलात. खांबावरून उतरून तसेच. दुकानं बंद."

वायरमनचा चेहरा हळूहळू बदलला.

"वायर पुरेना," बायको पुढे म्हणाली. "मग स्वयंपाकघरातून ओढलीत. म्हणालात, उद्या नीट करतो."

"आणि?" दारात उभ्या लेकीनं विचारलं.

"आणि काय. उद्या तू दुसरं काहीतरी काढलंस."

"कुठे होता तो डबा?" बॅटरीवाली आत येत म्हणाली.

"कपाटामागे. तेव्हा कपाट नव्हतं."

कपाट लाकडी, जुनं, वजनदार. लेक एका बाजूनं, बॅटरीवाली दुसऱ्या बाजूनं. "थांब, थांब, माझं बोट!" "ताई, तुम्ही ढकलताय की टेकताय?" असं करत ते भिंतीपासून सुटलं. मागे घराचा पहिला रंग तसाच होता, फिका पोपटी. त्या रंगात एक गोल झाकण, आणि वर हातभर अंतरावर निळ्या काचेचा छोटा दिवा, कपाटाच्या माथ्याआड इतकी वर्षं कुणाच्या नजरेला न पडलेला.

झाकण काढलं. आत काळी पट्टी गुंडाळलेला जोड होता. बॅटरीवालीनं पट्टी सोडवली आणि शीळ घातली.

"काका, पीळ काय सुरेख आहे हो! पण लग्न भलत्याच दोघींचं लावलंय."

वायरमन पुढे झुकला. तांबं अजून चमकत होतं. वेढ्याला वेढा चिकटलेला, शेवटचं टोक आत दुमडून दाबलेलं, म्हणजे बोटाला टोचू नये. तो आपलाच हात होता, हे त्याला सही ओळखावी तसं कळलं. थकून आलेला, घाईतला आणि तरी जरासुद्धा न हललेला हात.

"द्या, मी सोडवतो," तो म्हणाला.

पक्कड त्याच्या हातात आली. जबडा जोडाभोवती गेला, निसटला, डब्याच्या कडेवर आपटला. पुन्हा गेला. पुन्हा निसटला. पुढच्या खोलीतून सिलिंडरची बारीक फुसफुस तेवढी ऐकू येत होती.

त्यानं पक्कड उलटी करून बॅटरीवालीपुढे धरली, मूठ तिच्याकडे.

"तूच कर," तो म्हणाला. "मी उजेड दाखवतो."

टॉर्चचा झोत भिंतीवर पडला आणि डब्याभोवती थरथरत फिरू लागला. त्यानं दोन्ही हातांनी धरून पाहिलं. तरी नाचतच होता.

"हलू दे, काका. दिसतंय मला."

लेकीच्या दंडाला धरून, सिलिंडरची गाडी ओढत बायको दारापर्यंत आली होती. "तेव्हा टॉर्च मी धरला होता," ती म्हणाली. "जरा हलला तर केवढे ओरडला होतात!"

"मी? ओरडलो?"

"बाळ जागं झालं."

बॅटरीवाली इतकी हसली की तिला काम थांबवावं लागलं. मग तिनं जोड सोडवला, वायरी वेगळ्या केल्या, स्वयंपाकघराकडून आलेलं टोक बंद करून डब्यात मागे सारलं.

"आणि हा दिवा? काढून टाकू का?"

"नको," वायरमन आणि बायको एकदमच म्हणाले.

"मग घेते खोलीच्या लाइनवर. बॅटरीला ओझं नाही त्याचं."

नवा बल्ब लेकीनंच स्टुलावर चढून लावला. मशीन सुरू केलं, नळी सिलिंडरवरून मशीनवर घेतली. पंखा लावला. नव्या बोर्डावर काहीही खट्ट झालं नाही.

"आता मी," लेक म्हणाली आणि बाहेर मेन स्विचपाशी गेली. बाप आणि बॅटरीवाली तिच्यामागे व्हरांड्यापर्यंत आले. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि स्विच पाडला.

स्वयंपाकघरातला फ्रिज थांबला. आत मशीन घरघरत राहिलं.

लेक कान देऊन उभी होती. घरघर तशीच, मध्येच नेहमीचा उसासा, पुन्हा घरघर. तिनं हळूच श्वास सोडला, आणि तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या जुन्या डब्याकडे गेली. छपरावरच्या पॅनेलची वीज घराला देणारा तो डबा. त्यावर लाल दिवा लागला होता.

"बाबा, सोलर बंद पडलं!"

"थांब जरा," वायरमन म्हणाला. "त्याला वाटतंय, वीज गेली. आता तो बघेल."

"काय बघेल?"

"बॅटरीनं घर धरलंय का ते. धरलं असेल तर आपणहून पुन्हा सुरू होईल."

तिघं उन्हात उभी राहिली. वायरमननं फाटकापलीकडच्या खांबाकडे नजर टाकली. घराचा त्याच्याशी आत्ता काही संबंध नव्हता. तिथं कुणी चढला असता तरी निर्धास्त चढला असता. थोड्या वेळानं जुना डबा गुणगुणला, लाल दिवा विझला, हिरवा लागला. वीज गेलेली असताना छपरावरचं ऊन पहिल्यांदाच घरात उतरत होतं.

बॅटरीवालीनं टाळी वाजवली. लेकीनं गाडीकडे जाऊन मागचं दार उघडलं, आईसाठी आणलेली उशी काढली आणि आत नेऊन खिडकीतल्या खुर्चीत ठेवली.

"तुझ्याकडची खोली रिकामी राहील गं," आई म्हणाली.

"राहू दे. पाहुणी म्हणून ये."

वायरमन झोपायच्या खोलीत आला. कपाट अजून खोलीच्या मधोमध होतं. पोपटी भिंतीवर, भर दुपारच्या उजेडात, निळा दिवा उगाचच जळत होता.

"बघ हं, आता बाबा दिवा घालवतील," दारातून लेक आईला म्हणाली. "मी अंघोळीत असायचे आणि हे बाहेरून लाइट घालवायचे."

सवयीनं त्याचा हात बटणाकडे गेलाच होता. तो तिथं, बटणापाशी, थरथरत थोडा वेळ थांबला. मग वायरमननं तो खाली घेतला आणि दिवा तसाच राहू दिला.