कचऱ्यातले दोनशे बारा शब्द

तुम्ही घरातली सगळ्यांत मोलाची गोष्ट कुठं ठेवता हो? कपाटात, कुलपात, की पिठाच्या डब्याच्या तळाशी? नका सांगू, तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. पण एका बाईनं तिची कुठं ठेवली होती ते मला ठाऊक आहे, कारण ती तिनं माझ्याच पोटात ठेवली होती.

मी एका घरातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बोलतेय. दिसायला छोट्या वहीएवढी, पण आत अख्खं घर साठवलेलं. माझ्यात एक चकचकीत तबकडी आहे आणि तिला न टेकता, केसाहूनही कमी अंतरावरून धावणारी एक सुई. चालू असले की मिनिटाला सात हजार दोनशे गिरक्या घेते. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही.

कारखान्यातून निघाले ती दुकानात, आणि तिथून या खोलीत आले. खिडकीशी टेबल, टेबलाशेजारी आरामखुर्ची. नऊ वर्षं मी इथंच फिरतेय. घरात माणसं चार. नवरा, बायको, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आणि नवऱ्याचे वडील, सगळ्यांचे आबा. नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात स्वतःचं फोल्डर केलं आणि त्याला नाव दिलं 'महत्त्वाचे'. मुलगी मोठी झाल्यावर तिनं शेजारी दुसरं केलं, 'खूप महत्त्वाचे'. बायकोचं फोल्डर बरीच वर्षं नव्हतंच. ती फक्त माझ्यावरची धूळ पुसायची.

मग आबांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण वाचा गेली. जन्मभर बसस्थानकावर गाड्या पुकारणारा तो माणूस. अमकी गाडी तमक्या फलाटावर लागते आहे, हे त्यांनी उभ्या गावाला ऐकवलं, आणि आता पाणी मागायचं तर भांड्याकडे बोट करायचे.

सून रोज दुपारी त्यांच्यासमोर बसू लागली. सव्वा महिन्यानं पहिला शब्द आला. "नको."

"नको तर नको," ती म्हणाली. "पण बोललात ना, आबा." आणि तिनं तो शब्द माझ्यात नोंदवला, तारखेसकट, त्यांच्या आवाजासकट. फोल्डरचं नाव 'आबांचे शब्द'. मग 'दार' आलं. 'चष्मा' आला. 'फलाट' आला तेव्हा ती डोळे पुसत टाइप करत होती.

पुढं एकदा मुलीनं पडद्यावरचा पसारा आवरला, आणि ते फोल्डर कचरापेटीत गेलं. पडद्याच्या कोपऱ्यात टोपलीचं चित्र असतं ना, ती. दोन दिवस शोधून बाईला ते तिथं सापडलं. तिनं आत पाहिलं तर चार-चार वर्षांपूर्वी टाकलेलं सगळं जसंच्या तसं. तिला हायसं वाटलं. त्या दिवसापासून ती रोज दुपारी फोल्डर कचऱ्यातून बाहेर काढायची, त्यात लिहायची आणि काम झालं की पुन्हा कचऱ्यात टाकायची. मी मनात म्हणायचे, बाई गं, हे काय करतेस? पण माझं कोण ऐकतंय.

अकरा महिन्यांत दोनशे बारा शब्द झाले. मग ओघ आटला. वाचा सुधारायला घरी येणाऱ्या बाई म्हणाल्या, "तीन आठवडे नवा शब्द नाही. पुढच्या खेपेला मला सगळे शब्द पहिल्यापासून ऐकवा. त्यावरून ठरवू, पुढं चालू ठेवायचं की थांबायचं."

त्या यायच्या होत्या त्याच्या आदल्याच दिवशी मी आडवी पडले.

सकाळी बटण दाबलं, पडदा काळा आणि त्यावर पांढरी एक ओळ. मी उठायला बघत होते, पण सुई जागेवर पोचेना. कट्, कट्, कट्. नवऱ्यानं बंद करून चालू केलं, मग पुन्हा, मग पुन्हा. माणसांना वाटतं, जे एकदा ऐकत नाही ते दहादा सांगितलं की ऐकतं. प्रत्येक वेळी माझी तबकडी थोडी थोडी खरवडली जात होती.

दुपारी दुरुस्तीवाला आला. जाड भिंगांचा, शांत माणूस.

"कितीदा बंद-चालू केलं?"

"दोन-चारदा," नवरा म्हणाला.

अकरा वेळा. मी मोजलं होतं.

"आणि थापट्या?"

मुलगी खिडकीबाहेर बघू लागली.

त्यानं मला बाहेर काढलं, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवलं, त्याच्या लॅपटॉपला वायरनं जोडलं आणि कान माझ्याजवळ आणला. आबा आरामखुर्चीतून वाकून बघत होते.

"दमलीय बिचारी," तो म्हणाला. "मध्येच बसली तर परत उठेल याची खात्री नाही. आधी काय काढू, ते सांगा."

"'महत्त्वाचे' म्हणून आहे बघा."

"बाबा, 'खूप महत्त्वाचे' आधी."

"कचरापेटी सोडून देतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "तिथं उगाच दम खर्ची पडेल."

"द्या सोडून," नवरा म्हणाला. "कचरा कोण जपतंय."

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. नव्हतं, म्हणून नुसती घरघरले. तो म्हणाला, "बघा, आवाज वाढला. लवकर सांगा."

बायको दारात उभी होती, हात ओले. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

"कचरा आधी काढा."

"अगं, काय?"

"कचरा. आबांचे शब्द कचऱ्यात आहेत."

"वहिनी," दुरुस्तीवाला म्हणाला, "कचऱ्यात कुणी ठेवतं का?"

"या घरात मी सोडून कचरा कुणी काढतं का?" ती म्हणाली. "म्हणूनच ठेवले."

नवऱ्याचे कान लाल झाले. त्याच्या 'महत्त्वाचे'मध्ये मुलीच्या पहिल्या वाढदिवसापासूनचे फोटो होते, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. टॉवेलकडे बघत तो म्हणाला, "कचरा आधी घ्या."

"माझं बरंचसं मैत्रिणीकडे आहे," मुलगी हळूच म्हणाली. फारसं नव्हतं.

मग मी धावले. आयुष्यात कधी धावले नव्हते तशी. कचऱ्यात गेल्यावर फोल्डरला भलतंच अगम्य नाव मिळतं, त्यामुळे दुरुस्तीवाल्यानं तीन चुकीची उघडली. चौथ्यात 'दार' दिसलं. 'पाणी', 'बस', 'चष्मा'. काही ठिकाणी तबकडीवर ओरखडे होते. सुई तिथं अडायची, मागे यायची, पुन्हा जायची. 'फलाट'पाशी वीस मिनिटं अडकले. "हळू, हळू," तो मला म्हणत होता, आजारी माणसाला म्हणावं तसं. सून एकेक शब्द बोटांवर मोजत होती.

दोनशे अकरा निघाले. एक कायमचा गेला. पहिलाच, 'नको'.

"नको गेलं," सून म्हणाली.

"मग बरंच झालं की," नवरा म्हणाला, आणि ती दिवसभरात पहिल्यांदा हसली.

त्याचं 'महत्त्वाचे' अर्धं आलं असेल, तेवढ्यात मी थांबले. मुलीच्या फोल्डरपर्यंत पोचलेच नाही. तेवढं मला लागून राहिलंय.

संध्याकाळभर घरात तोच विषय. कचऱ्यात ठेवलं म्हणे, कचऱ्यातून निघालं, आजपासून कचरा बाबा काढणार. आबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज काही नव्हता.

आता मी टेबलावर टॉवेलात पडून आहे. पुन्हा फिरायची नाही, हे मला कळतंय, तरी आतून सुटत नाही. कुणी बटणाजवळ हात नेला की वाटतं, उठावं. जाता जाता एवढंच मागणं आहे. जे जपायचं ते दोन ठिकाणी ठेवा. आणि घरातल्या कुणाचा कचरा काढायच्या आधी त्या माणसाला एकदा विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वाचा सुधारणाऱ्या बाई आल्या, त्यांनी दोनशे अकरा शब्द ऐकले, आणि शेवटचा संपल्यावर आबांनी माझ्याकडे बोट करून दोनशे तेरावा म्हटला, "कचरा."