झाडावर अडकलेला भाऊ

पैगंबर मक्का सोडून यस्रिबला, म्हणजे आजच्या मदिनेला, आले आणि त्यांच्या मागोमाग मक्केची माणसं घरदार टाकून येऊ लागली, तेव्हा यस्रिबच्या एकेका घराने एकेक पाहुणा भाऊ म्हणून वाटून घेतला. सुवैदच्या वाट्याला हुबैरा आला.

हुबैरा होता कापडाचा व्यापारी. बोटांनी चाचपून कापड येमेनचं की शाम देशाचं ते सांगेल, पण खजुरीत नर-मादी असते हे त्याला यस्रिबला येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

"म्हणजे यांचं लग्न लावायचं?" त्याने विचारलं होतं.

"लग्नच समजा भावजी," सुवैदची बायको उनैसा म्हणाली. "नराच्या फुलोऱ्यातल्या काड्या घ्यायच्या, वर चढायचं आणि मादीच्या फुलोऱ्यात खोचून बांधायच्या. नाही केलं तर वर्षभर खजुराशिवाय बसा."

सुवैद आपली खजुरीची अर्धी बाग त्याच्या नावाने करायला निघाला होता. हुबैराने हात जोडले. "भाऊ, फुकटचं खाणार नाही. काम सांग."

काम होतंच. पण त्या सकाळी सुवैद विहिरीवर गेला असताना पाहुण्याने न सांगताच कमरेला झाडावर चढायचा पट्टा बांधला आणि बागेतल्या सगळ्यात उंच झाडावर चढला. चढला मात्र झकास. काड्या खोचल्या, बांधल्या, वरून ओरडून वहिनीला दाखवल्याही. आणि उतरायला वळला तोच जुना पट्टा काडकन तुटून खाली पडला. हुबैराने दोन्ही हातांनी झावळ्यांना मिठी मारली.

"वहिनी! मी इथेच राहतो. बरं आहे इथे."

उनैसाची हाक ऐकून सुवैद धावत आला.

"हुबैरा, घाबरू नकोस. उजवा पाय खाली घे. खाली खाच आहे."

"उजवा नाही, डावा!" पलीकडून आवाज आला. "उजवीकडची खाच झिजलीय. पडेल बिचारा."

बागेच्या मातीच्या भिंतीवर खिदाशचं डोकं दिसत होतं.

सुवैद खजरज टोळीचा, खिदाश औसचा. दोन्ही टोळ्यांत पिढ्यानपिढ्यांची वैरं. काही वर्षांपूर्वीच्या शेवटच्या लढाईत खिदाशने सुवैदचे पुढचे दोन दात पाडले होते आणि सुवैदने त्याचा गुडघा कायमचा लंगडा केला होता. आता दोघेही एकाच अल्लाहला मानत, एकाच मशिदीत जात. पण एक रांगेच्या या टोकाला, तर दुसरा त्या टोकाला. भिंतीला भिंत लागून असून त्या लढाईपासून एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

"माझं झाड आहे," सुवैद भडकला. "खाचा मला माहीत!"

"तुझं झाड माझ्या अंगणात सावली पाडतं. रोज तेच बघत बसतो मी, दुसरं करतो काय? गुडघा कुणामुळे गेला?"

"आणि माझे दात?"

"बोलतोस तर चांगलं खणखणीत!"

वरून केविलवाणा आवाज आला, "अहो, दोघं मिळून एक पाय ठरवा ना!"

उनैसा पदर तोंडाला लावून हसत सुटली. "इतकी वर्षं मुके होते दोघे," ती म्हणाली, "आणि तोंड उघडलं तेही भांडायला! खिदाशभाई, तुमच्याकडे पट्टा आहे का धड?"

खिदाशने सुवैदकडे पाहिलं. सुवैदने झाडाकडे पाहिलं. मग खिदाश लंगडत आत गेला आणि खजुरीच्या वाखाचा नवाकोरा पट्टा आणि लांब दोर घेऊन फाटकातून आला. सुवैदच्या बागेत त्याने प्रथमच पाऊल टाकलं होतं.

सुवैदने पट्टा बांधला आणि दोर खांद्यावर टाकून वर चढला. झावळ्यांच्या बुंध्यावरून दोर ओवून त्याने एक टोक हुबैराच्या छातीभोवती गुंडाळलं. दुसरं टोक खाली सोडलं. ते कुणीतरी धरायला हवं होतं. उनैसाने हात पुढे केला. पण हुबैरा जेवणात कधी मागे राहिला नव्हता, त्याचं वजन तिला पेलणारं नव्हतं. दोर खिदाशने धरला, लंगडा पाय खोडाला रोवला.

सुवैद वरून पाहत राहिला. आपला भाऊ या माणसाच्या हातात द्यायचा?

"नीट धर रे," तो शेवटी म्हणाला.

"धरलाय. सोड त्याला."

हुबैरा गोल गोल फिरत, झावळ्यांचे ओरखडे खात खाली आला. खिदाशचे तळहात सोलवटून निघाले, पण दोर सुटला नाही. जमिनीला पाय लागताच हुबैराने आधी मातीला हात लावला, मग खिदाशला कडकडून मिठी मारली.

"अस्सलामु अलैकुम, शेजारी! इतके दिवस मी भिंतीवरून सलाम करतो आणि तुम्ही हळूच पुटपुटता. का ते आज कळलं."

सुवैद खाली उतरला. खिदाशच्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहत तो दोर गुंडाळू लागला. हुबैरा मात्र थांबणारा नव्हता.

"भाऊ, मुसलमानाने मुसलमानाशी तीन दिवसांवर अबोला धरू नये, आणि आधी सलाम करणारा चांगला, असं शिकलोय ना आपण? मग ठरवा, चांगला कोण ते."

मग दोघांनी एकदमच तोंड उघडलं, आणि सलाम सलामावर असा आदळला की उनैसा पुन्हा हसली. सुवैदही हसला, दात नसलेल्या फटीसकट.

"मी आधी म्हटलं," खिदाश म्हणाला.

"ऐकू आधी माझा आला!"

उनैसाने खिदाशच्या हातांना तेल लावून चिंधी बांधली. तेवढ्यात मशिदीतून बांग ऐकू आली. तिघे निघाले. खिदाश हळू चालायचा, म्हणून सुवैदनेही पावलं आखडली, जणू त्याची नेहमीची चालच ती. रांगेत उभं राहताना खिदाश सवयीने पलीकडच्या टोकाकडे वळला. सुवैदने त्याची बाही धरली.

"इथे जागा आहे की."

खांद्याला खांदा लागला. सिजद्यात कपाळ जमिनीला टेकायला वाकताना खिदाशच्या गुडघ्याचं हाड वाजलं, तसा सुवैदने त्याच्या कोपराला हात दिला. नमाज संपल्यावर खिदाश म्हणाला, "संध्याकाळी जेवायला या तिघंही. सातूची भाकरी आहे, मऊ करून ठेवायला सांगतो."

"मऊ कशाला?"

"तुला चावायला नको?"

सुवैद इतक्या मोठ्याने हसला की शेजारच्यांनी वळून पाहिलं. हुबैराने हळूच विचारलं, "मांस असेल का हो बरोबर?"