एका सदऱ्यासाठी

आई गेल्यापासून बाबा रोज एका सदऱ्यासाठी वॉशिंग मशीन लावायचे, तेही गरम पाण्यावर. एकदा लेकीने झाकण उघडून पाहिलं आणि तिचा पारा चढला.

"बाबा, एका सदऱ्यापायी एवढं पाणी, एवढी वीज? आठवड्याचे कपडे साठू द्या ना!"

बाबा ओशाळले. "मशीन चालू असलं की घरात कुणीतरी काम करतंय असं वाटतं गं."

रविवारी लेक आपल्या घरचे मळके कपडे पिशवीत कोंबून आली. मशीन गच्च भरलं, साध्या पाण्यावर एकदाच चाललं, आणि ते थांबेपर्यंत बापलेक गप्पा मारत बसले.

आता एरवी घर शांत असतं, पण शनिवारी बाबांचा फोन येतोच, "उद्या येताना चादरी विसरू नकोस हं."