दिवेलागणीनंतर ये

हिसाएच्या आयुष्यात बरीच वर्षं संध्याकाळ झाली नव्हती. तिच्या अवतीभवती, साधारण अंगणाएवढ्या जागेत, कायम सकाळचे सात वाजलेले असत. ती हलली की सकाळही तिच्या मागोमाग जाई, आणि मागे उरलेल्यांची जी काही वेळ असेल ती पुन्हा सुरू होई.

तिने हे स्वतःच ओढवून घेतलं होतं. तोक्योच्या सिनेमावाल्यांत एक रीत आहे. कामावर दुपारी या नाहीतर रात्री, आल्याआल्या सगळ्यांना सुप्रभात म्हणायचं. बाकीचे ते तोंडदेखलं म्हणतात. हिसाए पंचविशीत पहिल्यांदा स्टुडिओत आली तेव्हा बाहेर काळोख होता आणि ती भेदरलेली होती. तिने ते इतकं मनापासून म्हटलं की खिडकीबाहेर उजाडलं. दिग्दर्शक कुरामोची खूश झाला. सकाळच्या प्रसंगांना आता दिवे नकोत, रात्रीच्या प्रसंगांना काळे पडदे लावू, असं म्हणून तो कामाला लागला.

सिनेमे कसले, तर स्टेशनामागच्या कळकट थिएटरांत लागणारे, फक्त प्रौढांसाठी. हिसाए त्यांत विधवा झाली, तलवार चालवणारी जोगीण झाली, नागीण झाली. कपडे उतरवायचे, किंचाळायचं, मरायचं, आणि मग आवाजाच्या खोलीत बसून पडद्यावरच्या स्वतःच्याच ओठांना आवाज द्यायचा. तिच्या उन्हाने पडदा फिका पडे, म्हणून ती ओठ आठवून बोले. या कामाची तिला लाज वाटत नव्हती. नागिणीचं रडणं तर ती असं रडली की आवाज टिपणारा सावादा तिच्या प्रेमात पडला.

पण तिच्या शेजारी कुणीही आडवं झालं की जांभई देऊन उठे, दात घासे, टाय बांधे आणि कामाला निघे. सकाळी माणूस दुसरं काय करणार? सावादा स्वभावाने फार चांगला होता. तोही निघालाच.

तिची आई उत्तरेकडच्या एका मासेमारीच्या गावात एकटी राहत होती. तिथल्या न्हाव्याच्या दुकानाशेजारी हिसाएचं पोस्टर लागलं, तेव्हा आईने आदळआपट केली नाही. फोनवर म्हणाली, ‘घरी ये ना. पण दिवेलागणीनंतर ये. उजेडी नको.’ त्यानंतर ती दर थंडीत हेच म्हणत आली, आणि हिसाए दर थंडीत बरं म्हणत आली. जायचं कसं, हा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही.

यंदा मात्र आईचा आवाज खोल गेला होता.

‘मुळा घालून मासा शिजवीन,’ ती म्हणाली. ‘एकदा जेवून जा. पुढच्या थंडीचं मी काही सांगत नाही.’

हिसाएने फोन ठेवला. रात्रीचं जेवण म्हणजे काय असतं हे ती विसरत चालली होती. तिच्यापुढे येई ती न्याहारीच. आईच्या हातचा तो मासा खायचाच, मग काय वाटेल ते होवो, असं तिने ठरवलं.

मेकअप करणारी तात्सुए या धंद्यात मुरलेली होती. तिचं म्हणणं असं की काम संपलं हे कुणी सांगितलंच नाही, तर दिवस मावळणार कसा? नटीच्या शेवटच्या शॉटनंतर तिला गुच्छ देतात, टाळ्या वाजवतात. तेवढं करून घे, आपोआप अंधारेल. म्हणून हिसाएने एक शेवटचा सिनेमा केला. त्यात ती पहिल्याच रिळात मेली. कुरामोचीने तिला लिलीचा गुच्छ दिला, खूप दमलात, आता घरी जा, म्हणाला, आणि सगळे टाळ्या वाजवून आभाळाकडे बघत राहिले. गुच्छातल्या कळ्या उन्हात उमलल्या. मागे कुणीतरी सवयीने सुप्रभात म्हणालं. तात्सुए खाली मान घालून ब्रश पुसू लागली.

तरी हिसाए निघाली. गावाकडचा अंधार जुना आणि दाट असतो, तो आपल्याला पुरून उरेल, अशी तिला वेडी आशा होती. रात्रीच्या गाडीत तिच्या डब्यातली माणसं जागी झाली, केस विंचरून घाईघाईने भलत्याच स्टेशनांवर उतरली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर ती गावातल्या गल्लीत शिरली तशी एकेका घराच्या खिडक्यांवरची झापं सरकत गेली आणि कोंबडे आरवले. शेजारची बाई खराटा घेऊन बाहेर आली. तिने हिसाएला नीट निरखून पाहिलं आणि वाकून नमस्कार केला.

आईच्या घरी अजून संध्याकाळ होती. खिडकीत पिवळा दिवा होता आणि माशाचा वास येत होता. हिसाए फाटकाबाहेर थांबली.

‘आई.’

‘अंधार पडला का गं?’

‘नाही.’

‘मग थांब जराशी.’

ती थांबली. आत आईला खोकल्याची उबळ आली आणि ती काही केल्या थांबेना, तेव्हा हिसाएला राहवलं नाही. तिने फाटक ओलांडून दार सरकवलं. ऊन तिच्याआधी आत गेलं. आईने दिवा मालवला. लेकीकडे डोळे भरून पाहिलं, त्यात तिने कसूर केली नाही. मग तिने मांडलेली पानं उचलली, मासा आणि भात डब्यात भरला, डबा फडक्यात बांधून लेकीच्या हाती दिला आणि तिच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला.

‘जाऊन ये,’ आई म्हणाली.

हिसाएला तिथे बसायचं होतं. पण सकाळी घरातून कुणी जाऊन ये म्हटलं की जे म्हणायचं, तेच तिच्या तोंडून गेलं.

‘येते.’

ती फाटकाबाहेर पडली. पाठीमागे घर अंधारलं, दिवा लागला. आई दारात येऊन तिच्याच दिशेने काळोखात डोळे फाडून बघू लागली.

‘ये आता,’ ती हाक मारत होती. ‘पडला बघ अंधार.’

हिसाए वळून घराकडे एक पाऊल गेली. दिवा विझला, आईने खराटा उचलला. ती एक पाऊल मागे आली. हातातला डबा अजून गरम होता. खिडकीत दिवा लागला आणि आत आई दोन पानं मांडू लागली.